राउटरवर सोर्स बदलला की नाव शेजारच्या विंडोखाली उमटतं, टॅलीही भलतीकडेच – नेमकं कुठे बघू?

पीसीआर_नवखा

नमस्कार मंडळी. कंट्रोल रूममध्ये लागून आठ महिने झाले. त्याआधी नुसत्या केबली ओढत होतो, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमची मांडणी सांगतो. ४० बाय ४० चा एसडीआय राउटर आहे (कुठलाही व्हिडिओ इनपुट कुठल्याही आउटपुटला जोडणारा डबा), सोळा इनपुटचा वेगळा मल्टिव्ह्यूअर आहे (सोळा चित्रं एकाच पडद्यावर मांडणारा), आणि त्याचं आउटपुट एका फोर-के पॅनेलवर चार बाय चार असं लावलंय. सगळं १०८०आय५०. विंडो १ ते ८ वर कॅमेरे, ते डीएमधून (एका सिग्नलच्या अनेक प्रती काढणारा डबा) थेट येतात, राउटर मध्ये नाही. विंडो ९ ते १६ मात्र राउटरच्या आउटपुट २५ ते ३२ वरून. या आठ विंडोंची नावं राउटरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमधून टीएसएल ३.१ ने (नावं आणि टॅली पाठवायचा प्रोटोकॉल) सिरीयल लाइनवर जातात. टॅली, म्हणजे ऑन-एअर सोर्सची लाल चौकट, स्विचरच्या (कार्यक्रमात कुठलं चित्र जाईल ते निवडणारा) रिले कॉन्टॅक्टवरून मल्टिव्ह्यूअरच्या जीपीआयला (साध्या चालू-बंद इनपुटला).

आता रडगाणं. पॅनेलवरून विंडो ११ ला रिप्ले ए टेक केला (जोडला) की चित्र बरोबर ११ मध्ये येतं, पण 'रिप्ले ए' हे नाव १० खाली उमटतं. सगळीकडे हेच, एक घर डावीकडे. १६ नंबरची विंडो तर कायम बिननावाची. आमच्याकडचे एक सीनियर म्हणाले की लायसन्स पंधरा नावांचंच असेल. परवा रिप्ले ए नवव्या विंडोतून अकराव्यात हलवला, तर रिप्ले ऑन-एअर गेल्यावर लाल चौकट नवव्या विंडोलाच! तिथे तेव्हा बाहेरून येणारा लाइव्ह फीड होता. डायरेक्टर ओरडला, "फीड कुणी घेतला?" कुणीच घेतला नव्हता.

आणखी एक, प्रेझेंटेशनचा लॅपटॉप कुठल्याही विंडोवर घेतला की सेकंदभर काळं येतं. बाकी सोर्सना असं होत नाही. आणि डायरेक्टरची जुनी तक्रार आहेच, की आवाज आधी येतो आणि ओठ मागून हलतात.

सुरुवात कुठून करू?

---

बीएनसी_बहाद्दर

केबल बघ आधी. राउटरच्या मागे आउटपुट २५ ऐवजी २४ पासून लावल्या असतील. आमच्याकडे डिट्टो हेच झालं होतं, अर्धा दिवस गेला. सगळ्या काढून एकेक परत लाव.

---

जुना_तारवाला

बहाद्दर, थांबा हो, पोराला उगाच आठ बीएनसी उपटायला लावू नका. केबल एक घर सरकली असती तर चित्र सरकलं असतं. इथे चित्र जागेवर आहे आणि नाव सरकलंय. चित्र एका वाटेने येतं, नाव दुसऱ्या. जे चुकतंय त्याच्याच वाटेला जायचं.

नवख्या, चार तक्रारींची चार कारणं आहेत, पण त्यातल्या दोन एकाच गैरसमजातून आल्यात. तो असा, की मल्टिव्ह्यूअरला आपण काय दाखवतोय हे ठाऊक असतं. त्याला काही ठाऊक नसतं. त्याच्या लेखी इनपुट ११ वर काहीतरी हलतंय, बस. राउटरलाही रिप्ले-बिप्ले कळत नाही. त्याच्या पोटात एक टेबल असतं: आउटपुट २७ ला इनपुट १८ जोडलेला. १८ म्हणजे रिप्ले ए, हे माणसाने कुठेतरी टाइप केलेलं असतं. एका आउटपुटला एका वेळी एकच इनपुट, पण एक इनपुट हव्या तितक्या आउटपुटना. तुझ्या ४० बाय ४० मध्ये असे १६०० क्रॉसपॉइंट आहेत आणि त्यातला कुठला बंद, कुठला चालू, एवढंच राउटरचं ज्ञान.

म्हणजे विंडो ११ खाली बरोबर नाव यायचं तर साखळी अशी हवी: विंडो ११ कुठल्या आउटपुटवर? २७. त्या आउटपुटवर आत्ता कुठला इनपुट? १८. त्याचं नाव काय? रिप्ले ए. ते नाव विंडो ११ च्या पत्त्यावर पाठव. टेक झाला की हे सगळं परत. तुझं कंट्रोल सॉफ्टवेअर हे करतंय, नाहीतर नाव बदललंच नसतं. चूक शेवटच्या पायरीत आहे, पत्त्यात.

माझा पैजेवर अंदाज: एकजण शून्यापासून मोजतोय आणि दुसरा एकापासून. सॉफ्टवेअर विंडो ११ ला पत्ता १० म्हणतंय, मल्टिव्ह्यूअर पत्ता १० ला विंडो १० समजतोय. यात लायसन्सचा काही संबंध नाही. १६ बिननावाची आहे कारण १६ हा पत्ता कुणी पाठवतच नाही, शेवटचा पत्ता १५. मला खरं तर तुझ्या त्या रिकाम्या विंडोवरूनच कळलं. नुसतं 'नाव चुकतंय' असं लिहिलं असतंस तर मीही केबलच म्हणालो असतो.

राउटरच्या जगात हा घोळ सर्रास. एसडब्ल्यू-पी-०८ या राउटर प्रोटोकॉलमध्ये आकडे शून्यापासून, व्हिडिओहब राउटरच्या इथरनेट प्रोटोकॉलमध्येही शून्यापासून (तो टीसीपी ९९९० पोर्टवर साध्या मजकुरात बोलतो, डोळ्यांनी वाचता येतो), आणि डब्यावर छापलेले आकडे मात्र एकापासून.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, लाइन वाच. यूएसबीचा आरएस-४२२ कन्व्हर्टर घे, वेग ३८४००, आठ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट. टीएसएल ३.१ चा निरोप एकूण १८ बाइटचा असतो. पहिला बाइट म्हणजे हेक्साडेसिमल ८० अधिक पत्ता. दुसऱ्यात टॅली आणि उजेड. उरलेले सोळा म्हणजे नाव, तेही साध्या आस्कीत. म्हणूनच नावं सोळा अक्षरांत आणि रोमनमध्ये कोंबावी लागतात; ३.१ वर देवनागरी नाव पाठवता येत नाही. पाचव्या आवृत्तीत यूटीएफ-१६ ची सोय आहे, पण समोरच्या डब्यालाही ती यायला हवी. विंडो ११ ला टेक मार आणि पहिला बाइट काय येतो ते इथे टाक.

आणि हो, विंडो ८ खाली कधी भलतं नाव चमकतं का? माझ्या हिशोबाने चमकायला हवं.

---

पीसीआर_नवखा

दादा, रिहर्सलच्या आधी लाइन वाचली. विंडो ११ ला रिप्ले टेक केल्यावर आलेले बाइट जसेच्या तसे:

८ए ३० ५२ ४५ ५० ४सी ४१ ५९ २० ४१ आणि पुढे २० च २०.

विंडो ८ वर काही चमकत नाही. पण १ ते ८ ची नावं मी मल्टिव्ह्यूअरमध्येच पक्की टाइप केलीत, बाहेरून येणारी नावं तिथे बंद आहेत.

---

जुना_तारवाला

मग ८ चा हिशोब लागला. नाव तिथेही येत होतं, तू दार लावून ठेवलंयस.

आता बाइट वाचू. ८ए वजा ८० म्हणजे ए, म्हणजे दहा. विंडो अकराचं पाकीट, पत्ता दहाचा. पुढचा ३०: उजेड पूर्ण, टॅली एकही नाही. ३१ आला असता तर पहिली टॅली पेटलेली. हा बाइट लक्षात ठेव, पुढे लागेल. मग ५२ ४५ ५० ४सी ४१ ५९ म्हणजे रिप्लेची सहा रोमन अक्षरं, २० म्हणजे मोकळी जागा, ४१ म्हणजे ए. पोस्टमन चोख आहे, पत्ता चुकलाय.

सॉफ्टवेअरमध्ये यूएमडी (विंडोखालचं नाव) पत्त्याला 'ऑफसेट' किंवा तत्सम खाना असेल, तिथे अधिक एक कर. एकाच बाजूला कर. मी एका रात्री दोन्ही बाजूंना केला होता, आणि मग सगळी नावं उजवीकडे सरकलेली बघत बसलो होतो. तेव्हा मला वाटलं होतं की डबा माझी मस्करी करतोय.

आता टॅली. तुझा रिले स्विचरच्या इनपुट ९ चा आहे ना? तो पेटला की जीपीआय ९, आणि जीपीआय ९ म्हणजे विंडो ९ ला लाल चौकट. ज्याने हे जोडलं त्याने त्या दिवशी बरोबरच जोडलं होतं. स्विचर ९ वर रिप्ले, विंडो ९ वर रिप्ले. पण दोन्ही टोकांना मध्ये राउटर आहे. तू विंडोचं टोक हलवलंस, उद्या कुणी स्विचर ९ चा सोर्स हलवेल. तार मात्र जिथल्या तिथे.

लाल चौकट विंडोला द्यायचीच नसते, सोर्सला द्यायची असते. स्विचर ९ ऑन-एअर आहे, तो राउटरच्या समजा आउटपुट ५ वरून येतो, आउटपुट ५ वर इनपुट १८ आहे, म्हणजे १८ ऑन-एअर. आता १८ कुठकुठल्या विंडोत दिसतोय? ११ मध्ये, कदाचित १४ मध्येही. त्या सगळ्यांना लाल. म्हणजे राउटर दोनदा चढायचा-उतरायचा: स्विचरपासून मागे सोर्सपर्यंत आणि सोर्सपासून पुढे विंडोपर्यंत. हे काम रिलेच्या तारांचं नाही. स्विचरची टॅली राउटरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये घे, त्याला हा माग काढू दे, आणि तो मघाचा दुसरा बाइट त्यानेच ३१ करून पाठवू दे. नाव आणि टॅली एकाच पाकिटातून गेले की निदान दोघं एकत्र तरी चुकतील. नाव बरोबर आणि लाल चुकीचं, हा प्रकार सगळ्यात घातकी, कारण नाव वाचून माणसाचा विश्वास बसतो.

दोन राउटर टायलाइनने (राउटर ते राउटर केबल) जोडलेले असले तर माग आणखी लांबतो, विंडोखाली 'टायलाइन ४' असं दिव्य नाव येतं. तुझ्याकडे ते नाही, सुखी आहेस.

लॅपटॉपचं काळं: राउटर कट मारतो तो रेफरन्सच्या (सगळ्या उपकरणांना एकच ताल देणाऱ्या सिग्नलच्या) तालावर, चित्र नसतं त्या रेषांमध्ये. १०८० ला सातवी रेषा, आरपी १६८ या शिफारशीत ठरलेली. इंटरलेसला दुसऱ्या फील्डमध्ये ५६९ वी. कॅमेरे, रिप्ले, ग्राफिक्स सगळे त्याच रेफरन्सवर (ब्लॅकबर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल) बांधलेले असल्यामुळे सगळ्यांची सातवी रेषा एकाच क्षणी येते आणि कट दिसत नाही. तुझा लॅपटॉप एचडीएमआय कन्व्हर्टरमधून स्वतःच्या घड्याळावर येतो. त्याचा कट चित्राच्या मधोमध पडतो, समोरचं इनपुट पकड सोडतं आणि परत धरतं. त्यातून लॅपटॉप ६० वर असेल तर मल्टिव्ह्यूअरला फॉरमॅटच नव्याने ओळखावा लागतो, तिथेच तुझा सेकंद जातो. आधी लॅपटॉप ५० वर आण. मग कन्व्हर्टर आणि राउटर यांच्यामध्ये फ्रेम सिंक्रोनायझर (बाहेरचं चित्र आपल्या तालावर आणणारा डबा) बसव. त्याला रेफरन्स द्यायला विसरू नकोस, लोक विसरतात.

ओठांचं म्हणशील तर तो दोष नाही, स्वभाव आहे. मल्टिव्ह्यूअर प्रत्येक इनपुटची फ्रेम साठवतो, लहान करतो, मग चौकटीत मांडतो. साधारण एक-दोन फ्रेम उशीर धरून चाल. २५ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम ४० मिलिसेकंद, दोन म्हणजे ८०, वर पॅनेलचा स्वतःचा उशीर. तुमचे स्पीकर प्रोग्रॅमचा आवाज थेट वाजवतात, त्यामुळे आवाज पुढे. आयटीयूच्या बीटी.१३५९ शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला कळू लागतं असं आहे, मागे पडला तर १२५ पर्यंत चालून जातं. तुमचा डायरेक्टर खोटं बोलत नाहीये. कंट्रोल रूमच्या स्पीकरला तेवढा डिले द्या. फक्त स्पीकरला! प्रोग्रॅमच्या आवाजाला हात लावलात तर घरी बसलेल्याचे ओठ बिघडतील. लिपसिंक तपासायचा असेल तर प्रोग्रॅमच्या लाइनवरच्या स्वतंत्र मॉनिटरवर, मल्टिव्ह्यूअरवर कधीच नाही. फोकसही तिथे तपासू नये. फोर-के पॅनेलचे सोळा भाग केले की एका विंडोला ९६० बाय ५४० ठिपके मिळतात, त्यात हलका सॉफ्ट कॅमेराही धारदार दिसतो.

---

पॅकेट_पंडित

तारवालेकाका, सगळं पटलं, पण आता वेगळा मल्टिव्ह्यूअर घेतं कोण? राउटरच्या फ्रेममध्येच मल्टिव्ह्यूअरचं कार्ड येतं. केबल नाही, आउटपुट खर्च होत नाहीत, आणि नावं त्याच डेटाबेसमधून येतात, त्यामुळे हा शून्य-एकचा खेळच संपतो. याने मॉनिटरिंगसाठी चाळीसातले आठ आउटपुट घालवलेत.

आणि आयपीवर गेलात तर चित्रच वेगळं. एसटी २११० (आयपीवरून व्हिडिओ नेण्याचं मानक) मध्ये राउटर म्हणजे नेटवर्क स्विच. टेक म्हणजे मल्टिव्ह्यूअरने एक मल्टिकास्ट (नेटवर्कवरचा सामायिक प्रवाह) सोडून दुसरा धरायचा.

---

जुना_तारवाला

पंडित, कार्डाचा फायदा खराच आहे, नाकारत नाही. नवीन बसवायचं असेल तर नावांपुरता मीही तोच मार्ग घेईन.

पण एक ऐका. एका मोठ्या लाइव्ह कार्यक्रमात आमच्या पोराने साल्वो (एका बटणात अनेक टेक) मारला. त्याला वाटलं रिहर्सलची मांडणी परत आणतोय. त्या साल्वोत मल्टिव्ह्यूअरचे सगळे आउटपुट होते, आणि सगळ्यांवर कलर बार. सोळाच्या सोळा विंडो रंगीत पट्टे! कार्यक्रम बाहेर व्यवस्थित चालू होता, स्विचरला काही झालं नव्हतं, पण आत बसलेले आम्ही ठार आंधळे. डायरेक्टर "काय चाललंय, काय चाललंय" एवढंच म्हणत होता. कोपऱ्यात एक नऊ इंची मॉनिटर ट्रान्समिशनच्या लाइनवर थेट लावलेला होता. त्याला आम्ही रोज जागा अडवतो म्हणून नावं ठेवायचो. पुढची दोन मिनिटं सात माणसं त्याच्यासमोर डोकं घालून उभी, आणि कॅमेरामन हेडसेटवर सांगताहेत की माझ्याकडे काय दिसतंय.

त्या दिवसापासून मी प्रोग्रॅम, प्रिव्ह्यू आणि मुख्य कॅमेरे राउटरमधून मॉनिटरिंगला नेत नाही. नवख्याने १ ते ८ डीएवरून थेट घेतलेत, ते कुणी ठरवलं माहीत नाही, पण शहाण्याने ठरवलंय. फ्रेममधल्या कार्डात नेमकं हेच जातं: राउटर आणि राउटरवर नजर ठेवणारा डोळा एकाच पॉवर सप्लायवर.

नवख्या, जाता जाता तुझे आउटपुट २५ ते ३२ 'प्रोटेक्ट' कर. ज्या पॅनेलवरून विंडो बदलायच्या तिथूनच ते बदलता येतील, बाकी पॅनेलवरून नाही.

आयपीचं पंडितांनी फार सोपं करून सांगितलं. १०८०पी५०, दहा बिट, ४:२:२ धरलं तर नुसतं चित्र १९२० गुणिले १०८० गुणिले ५० गुणिले २०, म्हणजे जवळपास २.०७ गिगाबिट दर सेकंदाला. सोळा विंडो म्हणजे ३३. पंचवीस गिगाबिटचं पोर्ट तिथेच गळपटलं. दिसणार ९६० बाय ५४० आणि ओढून आणायचं पूर्ण चित्र.

---

पॅकेट_पंडित

म्हणून तर शंभर गिगाबिटची पोर्टं घेतात किंवा विंडोसाठी लहान प्रॉक्सी प्रवाह वेगळा काढतात. याच्यासारखं १०८०आय५० असेल तर निम्म्यावर येतं, साडेसोळा, पंचवीसमध्ये बसतं. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. स्वच्छ टेक हवा तर आधी नवा धरून मग जुना सोडावा लागतो, आणि तेवढ्या क्षणाला दुप्पट जागा लागते. विंडोसाठी आम्ही तो लाड करत नाही, आधी सोडतो मग धरतो. क्षणभर काळं आलं तर येऊ दे.

नऊ इंचीचं मात्र पटलं. आमच्याकडे नाहीये तसला. लावतो.

---

बीएनसी_बहाद्दर

केबलचं मी घाईत बोललो, मान्य. तरी एकदा लेबलं बघून ठेव रे, आमच्याकडे खरंच सरकल्या होत्या.

---

पीसीआर_नवखा

कळवायचं राहिलं होतं. ऑफसेट अधिक एक केला, फक्त सॉफ्टवेअरमध्ये. सगळी नावं जागेवर. सोळाव्या विंडोखाली आयुष्यात पहिल्यांदा नाव आलं. सीनियर आले, बघितलं, म्हणाले, "लायसन्स आलं वाटतं." मी हो म्हणालो.

लॅपटॉप ६० वरच होता. ५० केल्यावर सेकंदाचं काळं गेलं, आता नुसता डोळा मिचकावल्यासारखा धक्का उरलाय. सिंक्रोनायझर स्टोअरमध्ये एक पडून होता, त्याला रेफरन्सची केबल टाकायचीय.

स्पीकरला ८० मिलिसेकंद दिले, डायरेक्टरला तरी किंचित पुढे वाटत होतं. १०० वर नेल्यावर तो गप्प बसला. बाकीचे २० पॅनेलचे असावेत.

टॅली अजून तारांवरच आहे. सॉफ्टवेअरमध्ये माग काढायची सोय आहे, पण स्विचरची टॅली तिथपर्यंत नेण्यासाठी नेटवर्क पोर्ट मागितलाय. तोवर विंडो ९ ते १२ राउटरवर लॉक केल्यात आणि पॅनेलवर कागद चिकटवलाय: 'या चार हलवू नयेत, लाल खोटं बोलेल.'

काका, एक विचारायचं राहिलं. लॉक केलेल्या विंडोवर साल्वो आला तर राउटर लॉक मानतो की साल्वो?

---

जुना_तारवाला

डब्याडब्यावर आहे. काही अख्खा साल्वो नाकारतात, काही लॉकवालं तेवढं सोडून बाकीचं करतात. तुझा काय करतो ते आज रात्री कार्यक्रम नसताना मारून बघ. आणि बघताना नजर सोळा विंडोंवर नको, राउटरच्या स्टेटस पानावर ठेव.